रॅव्हिओलीतला मोदक

‘रॅव्हिओली’ हा शब्द मुकुल दांडेकरांच्या तोंडून बाहेर पडला, तेव्हा सगळ्यांत जास्त धक्का त्यांना स्वतःलाच बसला. पण शब्द फोनवर गेला होता आणि पलीकडे त्यांची लेक अंतरा होती. वडिलांचा एखादा शब्द हाती लागला की तो सोडायचा नाही, हे तिने लहानपणापासून पाळलेलं होतं.

त्याचं असं झालं. दोन महिन्यांपूर्वी चित्राताईंच्या, म्हणजे मुकुलरावांच्या पत्नीच्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून त्या थेट अंतराकडे घोडबंदर रोडच्या टॉवरात गेल्या, कारण तिथे लिफ्ट होती. डोंबिवलीतल्या ‘सौमित्र’ सोसायटीत लिफ्ट येत असे ती फक्त वार्षिक सभेच्या चर्चेत, आणि दांडेकर राहत होते तिसऱ्या मजल्यावर. मुकुलराव मात्र डोंबिवलीतच राहिले. घर बंद ठेवलं की नळ गळायला लागतात, असं कारण त्यांनी दिलं होतं. खरं कारण म्हणजे बाविसाव्या मजल्यावरच्या गॅलरीत उभं राहिलं की त्यांचे पाय लटपटत. पण हे जावयासमोर कोण कबूल करणार?

तर गुरुवारी संध्याकाळी अंतराचा फोन आला. आई आता काठी न घेता चालते आहे, डॉक्टरांनी जिने चढायलाही परवानगी दिली आहे, पण तिला परत पाठवायला माझं मन होत नाही, असं ती म्हणाली. शेजारच्या टॉवरात एक छोटा फ्लॅट निघतो आहे. डोंबिवलीचा विकावा आणि दोघांनी इकडेच यावं.

“आईला काय वाटतं?” मुकुलरावांनी विचारलं.

“आईला घरी यायचंय. ती बोलत नाही, पण सारखी तिच्या कढीपत्त्याची चौकशी करते. बाबा, पण मी तिला कशी पाठवू? ती तिकडे आली की दुसऱ्या दिवसापासून ओट्याशी उभी राहणार. तुम्हाला चहापलीकडे काही येत नाही. आणि तुम्ही कुणाला हाकही मारणार नाही. उद्या ती पडली, तर तुम्ही शेजारच्यांना त्रास नको म्हणून तिला एकटेच उचलत बसाल.”

या बोलण्यात दोन आरोप होते. मुकुलरावांनी नेमका पहिलाच ऐकला. चहापलीकडे काही येत नाही, हे त्यांच्या फार मनाला लागलं. दोन महिने ते गल्लीतल्या पोळीभाजी केंद्रावर जगत होते हे खरं, पण त्या केंद्रात कोणत्या वारी कोणती भाजी घ्यायची नाही, याचा अभ्यास काही आपोआप झाला नव्हता.

“रविवारी तुम्ही दोघी जेवायला या,” ते ताठ आवाजात म्हणाले. “मी करतो. सगळं मी करतो. मग ठरव.”

“काय करणार? वरणभात?”

वरणभातावर ते थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण लेकीच्या आवाजात हसू होतं. त्याच क्षणी मुकुलरावांना इटलीतली ती काचेची खिडकी आठवली.

काही वर्षांपूर्वी हे दोघं एका मराठी यात्रा कंपनीबरोबर युरोपला गेले होते. ही कंपनी आपल्या माणसांना जगात कुठेही नेई, पण जेवायला मात्र घरचंच घाली. अशाच एका इटालियन गावात एका दुकानाच्या काचेआड एक जाडजूड बाई पिठाच्या पातळ पोळीवर भोपळ्याच्या सारणाचे नारिंगी गोळे मांडत होती. वरून दुसरी पोळी घालून त्याचे चौकोन कापत होती. चित्राताई त्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. तेवढ्यात टूर मॅनेजरने शिट्टी फुंकली, कारण बसमध्ये कढी-खिचडी तयार होती. चित्राताईंनी ती खिचडी खाल्ली, पण पुढचे दोन देश त्या चौकोनांबद्दलच बोलत होत्या. चवीला कसे असतील हो, असं त्या डोंबिवलीत आल्यावरही अधूनमधून म्हणत.

“रॅव्हिओली,” मुकुलराव म्हणाले. “लाल भोपळ्याची.”

अंतराने तो शब्द त्यांना पुन्हा एकदा उच्चारायला लावला. मग अंतरा म्हणाली, “बरं. रविवारी येतो.”

आता इथे मुकुलरावांच्या स्वभावाबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. माणूस अत्यंत सज्जन. कोलशेतच्या कारखान्यात आयुष्यभर नोकरी केली, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. कुणाकडे काही मागायचं नाही, हा त्यांचा बाणा. घरातलं विरजण संपलं तर समोरच्या दारातून चमचाभर आणण्याऐवजी ते चार गल्ल्या चालून दह्याचा डबा विकत आणत. चित्राताईंचं नेमकं उलट. त्यांच्या वाट्या, डबे, चाळण्या सतत बिल्डिंगभर फिरत असत आणि दुसऱ्यांच्या यांच्या ओट्यावर मुक्कामाला असत. या देवाणघेवाणीला मुकुलराव ‘अव्यवस्था’ म्हणत.

शुक्रवारी सकाळी ते भोपळा आणायला बाजारात गेले. लाल भोपळा फोडी करून मिळतो, हे जगातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं, पण मुकुलरावांना नव्हतं. त्यांनी दुकानात मांडलेल्या अख्ख्या भोपळ्याकडे बोट दाखवलं. भाजीवाल्या मावशींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि घरात काही मोठं कार्य आहे का, असं हळूच विचारलं. मुकुलरावांनी नुसतीच मान हलवली. मावशींनी मग काही विचारलं नाही आणि भोपळा पिशवीत घालून दिला. पिशवीने रिक्षा स्टँडपर्यंतच दम धरला. तिथून पुढे भोपळा दोन्ही हातांत कवटाळून मुकुलराव घरी आले.

मोठी वस्तू घेऊन जिना चढणाऱ्या माणसाला गुपित ठेवता येत नाही. पहिल्या मजल्यावर सेक्रेटरी उत्तम शेजवळ दार उघडून उभेच होते. दुसऱ्या मजल्यावर सान्वी भेटली. ही घरून काम करणारी मुलगी कानात काहीतरी खोचून एकाच वेळी अमेरिकेशी आणि कचरेवाल्याशी बोलत असते. तिने अमेरिकेला थांबवलं, भोपळा कशासाठी ते विचारून घेतलं आणि म्हणाली, “काका, रॅव्हिओली? सही आहे. एकदम ईझी असतं, मी रील पाठवते.” तिसऱ्या मजल्यावर समोरच्या दारात देवयानीताई प्रधान होत्या. दिवाळीत त्या जे खाजाचे कानवले करत, त्यांचे पदर मोजायला लोक ठाण्याहून येत. त्यांनी सगळा बेत ऐकून घेतला आणि हे सारण भरून करायचं म्हणजे आमचे कानवलेच की, असा निकाल दिला. पिठाला कडकडीत तुपाचं मोहन घाला, असंही बजावलं. सल्ला मुकुलरावांनी मागितला नव्हता, त्यामुळे तो घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

“आणि भोपळा मात्र तुम्हीच चिरा हो, भावजी,” देवयानीताई दार लावता लावता म्हणाल्या. “अख्ख्या भोपळ्याला पहिला घाव बाईने घालायचा नसतो.”

मुकुलरावांनी घाव घातला. सुरी अर्धी आत गेली आणि तिथेच राहिली, पुढेही जाईना, मागेही येईना. त्यांनी भोपळा मांडीत धरून ओढून पाहिली, पायाने दाबून ओढून पाहिली, काही वेळ दुर्लक्ष करूनही पाहिलं. शेवटी सुरीसकट भोपळा उचलून त्यांनी तो उंबऱ्यावर आपटायला सुरुवात केली. तिसऱ्या दणक्याला भोपळा उकलला आणि त्याच दणक्याला दारात उत्तम शेजवळ उगवले.

शेजवळ हे नियमांवर निस्सीम प्रेम करणारे गृहस्थ आहेत. सोसायटीचे उपनियम त्यांना तोंडपाठ आहेत, आणि जिथे नियम नाही तिथे त्यांना रात्री झोप लागत नाही. तोडफोडीचं काम दुपारच्या विश्रांतीच्या वेळात करता येत नाही आणि त्याआधी कमिटीला कळवावं लागतं, असं त्यांनी सांगितलं.

“शेजवळ, हा भोपळा आहे,” मुकुलराव म्हणाले.

शेजवळांनी वाकून खात्री करून घेतली. “आवाज भिंत पाडल्याचा येतो, दांडेकर. नियम आवाजाला आहे,” असं म्हणून ते गेले. जाताना त्यांच्या सदऱ्याला एक भोपळ्याची बी चिकटली होती, पण ती दाखवून देण्याइतका मुकुलरावांचा त्यांच्याशी घरोबा नव्हता.

शनिवारी भोपळा शिजवण्याचा कार्यक्रम झाला. पोळीभाजी केंद्रातल्या बाईंनी सांगितलं होतं की कुकरला पाणी घालायचं. किती, ते सांगितलं नव्हतं. झाकण उघडल्यावर आत नारिंगी रंगाचं सूप हेलकावे खात होतं. मुकुलराव खचले नाहीत. चक्का बांधतात तसं त्यांनी ते सूप स्वच्छ पंच्यात ओतलं आणि मोरीतल्या नळाला टांगलं. नळ आणि पंचा दोन्ही गळत राहिले आणि त्यांतलं भोपळ्याचं पाणी कोणतं, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

दरम्यान सान्वीने रीलबरोबर पाठवलेल्या पाककृतीतल्या इतर अडचणी पुढे आल्या. पिठात अंडी घाला, असं तिथे लिहिलं होतं. चित्राताईंच्या ओट्यावर अंडं कधी चढलेलं नव्हतं, तेव्हा अंडी गेली. त्यांच्या जागी मैद्यात थोडा बारीक रवा आला. सेज नावाची पानं लोण्यात परतून वर घाला, असंही लिहिलं होतं. नर्सरीवाल्याने हे नावच ऐकलं नव्हतं. त्याऐवजी तुळस चालेल, असं सान्वीने रीलमध्ये बघून कळवलं. तुळस तुपात तळायची, या कल्पनेने मुकुलराव गॅलरीतल्या वृंदावनासमोर अपराध्यासारखे उभे राहिले. मग त्यांची नजर शेजारच्या कुंडीकडे गेली. चित्राताईंचा कढीपत्ता दोन महिन्यांत कमरेइतका झाला होता. त्याला रोज पाणी घालणं, एवढं एक काम त्यांनी न चुकता केलं होतं.

रविवार उजाडला. पंच्यातला भोपळा छान घट्ट झाला होता. मुकुलरावांनी त्यात पनीर कुस्करलं, मीठ आणि मिरपूड घातली आणि कृतीबरहुकूम जायफळ किसून घातलं. जायफळ जरा सढळ हाताने पडलं. चव मात्र घेतली नाही. त्यांच्या आईच्या घरी नैवेद्य दाखवल्याशिवाय स्वयंपाक कुणी चाखत नसे. स्वयंपाकघराविषयीचं त्यांचं सगळं ज्ञान त्या एका नियमात मावत होतं.

भरलेली रॅव्हिओली उकळण्याआधी थोडी सुकवावी लागते. घरात जागा नव्हती, म्हणून ते गच्चीची किल्ली आणायला शेजवळांकडे गेले. सारणाचं पातेलं ओट्यावर होतं आणि दार ओढून घेतलेलं होतं, लावलेलं नव्हतं.

गच्ची वाळवणासाठी वापरता येते, शेजवळ म्हणाले, पण ठरावात पापड, कुरडया आणि सांडगे एवढेच पदार्थ आहेत. हे यांपैकी कशात बसतं? मुकुलरावांनी पदार्थाचं वर्णन केलं. शेजवळांनी डोळे मिटून विचार केला. आत सारण असल्यामुळे पापडात बसत नाही, आकार ठरावीक असल्यामुळे सांडग्यातही नाही. अशी परवानगी यापूर्वी कुणी मागितली नाही म्हणून नामंजूरही झालेली नाही, या मुद्द्यावर शेवटी किल्ली मिळाली. तिच्याबरोबर, सोसायटी पक्ष्यांची जबाबदारी घेत नाही, ही तोंडी सूचनाही मिळाली.

इकडे देवयानीताई कानवल्याच्या कडा कापायचं कातणं घेऊन आल्या होत्या. भावजींना लागेल, म्हणून. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण चित्राच्या घरात शिरायला त्यांना कधी बोलवावं लागलंच नव्हतं. स्वयंपाकघरात भोपळ्याचं सारण होतं आणि जायफळाचा घमघमाट सुटला होता. प्रधानांच्या काय, कुणाच्याही घरी जायफळ पडतं ते गोडात. म्हणजे घारग्यासारखं गोड सारण आहे. रंगावरून तर त्यात गूळ दिसत नाही. बिचारे गूळ घालायला विसरले, असं त्यांच्या मनात आलं. आजच चित्रा घरी येणार, तिच्या पहिल्या घासाला बिनगुळाचं सारण? त्यांनी डब्यातून चांगला मूठभर गूळ काढला, किसून घातला आणि नीट कालवला. चव त्यांनीही घेतली नाही, कारण त्यांच्या माहेरीही नैवेद्याचा तोच नियम होता. कातणं ठेवून त्या निघून गेल्या.

मुकुलरावांनी मोहन घालून पीठ मळलं, पोळ्या लाटल्या, सारण भरलं, चौकोन कापले. चौकोन म्हणजे आपण भूमितीत शिकतो तसे नव्हते, पण प्रत्येकाला चार कोपरे होते. ताटं गच्चीवर मांडून ते पाणी उकळायला ठेवण्यापुरते खाली आले. परत वर गेले तेव्हा कबुतरांची पंगत उठत होती. राहिलेले चौकोन त्यांनी छातीशी धरून खाली आणले आणि उकळत्या पाण्यात सोडले. क्षणभर ते फार सुंदर तरंगले. मग एकेक चौकोन हळूहळू उघडला, सारण पाण्यात विरघळलं, पिठाच्या चिंध्या वर आल्या आणि पातेल्यात एक गोडसर खळ रटरटू लागली.

तेवढ्यात अंतराचा फोन आला. त्या निघाल्या होत्या, पण घोडबंदर रोडवर ट्रॅफिक हलत नव्हता. इतक्या वर्षांत त्या रस्त्याला असंख्य लोकांनी असंख्य शब्द वाहिले असतील. त्या ट्रॅफिकचे मनापासून आभार मानणारे मुकुलराव बहुधा पहिलेच.

फोन ठेवून ते स्टुलावर बसले. घर भोपळ्याने माखलं होतं. केसांत मैदा होता. थोडं सारण उरलं होतं आणि थोडा मैदा. पोळीभाजी केंद्र रविवारी दुपारपर्यंत उघडं असतं, हेही त्यांना आठवलं. पोळ्या आणून ठेवल्या असत्या तर कुणी हसलं नसतं. मग अंतराने शेजारच्या टॉवरातला फ्लॅट नक्की केला असता आणि चित्रा काही न बोलता गेली असती. कढीपत्त्याची कुंडी कुठल्यातरी उंच मजल्यावर वाऱ्यात उभी राहिली असती. ही बाई आपल्या खिडक्यांशी कायम अशीच थांबत आली आणि कुणी शिट्टी वाजवली की निमूट बसमध्ये जाऊन बसत आली, असं त्यांना वाटलं.

ते उठले. समोरच्या दाराची बेल त्यांनी स्वतःच्या कामासाठी आयुष्यात पहिल्यांदा वाजवली. देवयानीताईंनी दार उघडलं, तर समोर मैद्याने पांढरे झालेले भावजी उभे.

“ताई,” मुकुलराव म्हणाले, “मला हे येत नाहीये. मला मदत करा.”

देवयानीताई काही न विचारता आत गेल्या आणि पोळपाट-लाटणं काखेत मारून बाहेर आल्या. पातेल्यातली खळ बघून त्यांनी कपाळाला हात लावला. हे पाण्यात उकळायचं होतं? मग मोहन कशाला घातलंत? मुकुलराव म्हणाले, तुम्हीच सांगितलंत. त्या म्हणाल्या, तुम्ही तळणार नाही हे मला काय स्वप्नात दिसणार होतं? एवढं भांडण झाल्यावर दोघांचंही मन हलकं झालं. देवयानीताईंनी जिन्यात उभं राहून सान्वीला हाक मारली. ती आली ती मैद्याची पिशवी घेऊनच. सुट्टीच्या दिवशी अमेरिका झोपलेली असल्यामुळे तिचे दोन्ही कान मोकळे होते. मागोमाग गच्चीची किल्ली परत घ्यायला शेजवळ आले.

दारात उभ्याउभ्या त्यांनी देवयानीताईंनी लाटलेली पारी पाहिली आणि न राहवून, कड पातळ ठेवा, असं म्हणाले. मग बाह्या सरसावून, हात धुऊन खाली बसले. शेजवळांना करंजीची मुरड येते हे सोसायटीच्या कोणत्याही इतिवृत्तात नव्हतं. आईला पाच मुलगेच होते, मुली नव्हत्या, त्यामुळे दिवाळीत आम्हीच बसायचो, एवढं त्यांनी मान वर न करता सांगितलं. त्यांच्या बोटांखाली कडा दोरीच्या पिळासारख्या मिटत होत्या. अशी करंजी पाण्यातच काय, पुरातही उघडली नसती.

अशा रीतीने इटालियन चौकोन डोंबिवलीत आल्यावर अर्धगोल झाले. मुकुलरावांनी फक्त एकदा, ते मूळचे चौकोनी असतात, असं सांगून पाहिलं. चौकोनाला मुरड घालता येत नाही, असं शेजवळ म्हणाले. तो विषय तिथेच मिटला. मुकुलरावांना लाट्या करायचं काम मिळालं. त्या एकसारख्या होत नव्हत्या, पण कुणी काही बोललं नाही. हसत मात्र सगळेच होते, आणि नवल म्हणजे त्याचा त्यांना राग येत नव्हता. चित्राची वाट ही माणसंही बघत होती. दोन महिने जिन्यात रोज भेटत असूनही हे आपल्याला दिसलं कसं नाही, याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

सारण संपत आलं तेव्हा देवयानीताईंनी शेवटची पारी त्यांच्या हातावर ठेवली. “करंज्यांबरोबर एक मोदक करायचा असतो. बहिणींना एक भाऊ लागतो. हा तुम्ही करा, भावजी.”

मुकुलरावांनी मोदक केला. कळ्या काही पडल्या नाहीत. सुट्ट्या पैशांची पुरचुंडी बांधावी तसा तो दिसत होता. शेजवळांनी तो सगळ्या बाजूंनी तपासला आणि मंजूर केला.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. मुकुलराव तसेच धावले. चित्राताई गाडीतून उतरून जिन्याकडे बघत उभ्या होत्या, शेजारी अंतरा त्यांचा दंड धरून. पहिला मजला चढून होतो, तर तिथे एक प्लास्टिकची खुर्ची मांडलेली. दुसऱ्यावर तशीच, आणि प्रत्येक वळणावरही. सोसायटीच्या कार्यक्रमांच्या या खुर्च्या बाहेर काढायला कमिटीची मंजुरी लागते. ती कुणी घेतली होती, हे शेजवळांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. चित्राताई प्रत्येक खुर्चीवर बसल्या. गुडघ्यांना गरज होती म्हणून नाही. प्रत्येक खुर्चीजवळ कुणी ना कुणी बोलायला उभं होतं. घोडबंदरहून डोंबिवलीला यायला लागला, त्याच्या जवळजवळ निम्मा वेळ त्यांना तिसऱ्या मजल्यावर पोहोचायला लागला. अंतरा मागून सगळं बघत येत होती.

घरात आल्यावर चित्राताई आधी गॅलरीत गेल्या, कढीपत्त्यावरून हात फिरवला आणि मग पानावर बसल्या. तुपात तडतडलेला कढीपत्ता घातलेल्या उकडलेल्या करंज्या ताटात आल्या. मधोमध ती पुरचुंडी होती. चित्राताईंनी एक घास घेतला आणि थांबल्या.

“हे गोड आहे,” त्या म्हणाल्या.

देवयानीताई एकदम, “गूळ मी घातला, भावजी विसरले होते,” असं म्हणाल्या. भावजींनी, मी विसरलो नव्हतो, ते तिखटच असतं, असं क्षीण आवाजात सांगितलं. तिखटाच्या जागी गूळ कसा, आणि चाखून कुणी कसं बघितलं नाही, यावर सगळे एकदम बोलू लागले. त्या गलक्यात अंतराने विचारलं, “बाबा, हे तुम्ही केलंत?”

हो म्हणणं सोपं होतं. कुणी खोडून काढलं नसतं. शेजवळांनी तर मुद्दाम खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली होती.

“नाही,” मुकुलराव म्हणाले. “मी केलं ते सगळं फुकट गेलं. मला जमेना, म्हणून मी समोर जाऊन यांना हाक मारली. हे सगळं यांनी केलं. माझा फक्त हा मोदक.”

बोलून झाल्यावर ते मान खाली घालून उभे राहिले. आपण पैज हरलो, असं त्यांना वाटत होतं. मान वर केली तेव्हा अंतराचे डोळे भरलेले होते आणि चित्राताई हातातला घास विसरून त्यांच्याकडे बघत होत्या.

“तुम्ही हाक मारलीत?” चित्राताईंनी विचारलं. “तुम्ही स्वतः?”

“बेल वाजवली,” मुकुलराव म्हणाले.

चित्राताईंनी मोदक उचलून पुरता खाल्ला, बोटं पुसली आणि लेकीकडे वळल्या. “अंतरा, गाडीतली माझी बॅग वर आणायला सांग.”

“सांगितलीय,” अंतरा म्हणाली. “सान्वी गेलीच आहे खाली. बाबा, मला स्वयंपाकाची काळजी नव्हतीच हो. तो तर विकत मिळतो.”

हे तिने गुरुवारीच सांगितलं होतं, पण मुकुलरावांच्या डोक्यात ते आत्ता शिरलं. मग त्यांनी देवयानीताईंकडे, शेजवळांकडे आणि बॅग घेऊन धापा टाकत आलेल्या सान्वीकडे पाहून, नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “तुमच्यामुळे ही घरी आली. मी तुमचा फार आभारी आहे.” शेजवळ गडबडून गेले आणि त्यांनी आणखी एक करंजी वाढून घेतली. त्या दुपारी एकही करंजी उघडली नाही आणि एकही उरली नाही. खिडकीतल्या त्या बाईचे चौकोन चवीला कसे असतील, हे कोडं मात्र तसंच राहिलं. चित्राताईंचं म्हणणं पडलं की याहून फार चांगले नसावेत.

सोमवारी सकाळी घरात दही नव्हतं. दोन महिन्यांत विरजण मोडलं होतं. चित्राताई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मुकुलरावांनी चपला घालायला घेतल्या, थांबले आणि परत काढल्या. ओट्यावर देवयानीताईंचा पोळपाट धुऊन ठेवला होता. त्यावर लाटणं, कातणं आणि एक वाटी ठेवून ते निघाले. चित्राताईंनी त्यांना दारातून परत बोलावलं. दुसऱ्याच्या भांड्याबरोबर काहीतरी न्यायचं असतं, तेवढं तरी शिका, असं म्हणत त्यांनी वाटीत साखर घालायला लावली.

देवयानीताईंनी दार उघडलं. मुकुलरावांनी पोळपाट पुढे केला. “ताई, थोडं विरजण द्याल?”

“चित्राला हवंय का?”

“मला हवंय,” मुकुलराव म्हणाले. “मी लावणार आहे.”

देवयानीताईंनी साखर ठेवून घेतली आणि त्याच वाटीत दोन चमचे दही घालून दिलं. वाटी दोन्ही हातांत धरून मुकुलराव घरी आले, तेव्हा चित्राताई खुर्चीवरूनच दुधावर नजर ठेवून होत्या. दूध मुकुलरावांनी स्वतः कोमट करायला ठेवलं होतं आणि ते अजून उतू गेलेलं नव्हतं.